लाकडी बैलाचा इतिहास : तान्हा पोळा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी हे बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. गावाच्या पुढे सागाचे जंगल आणि बोर व्याघ्र प्रकल्प लागतो. याच तालुक्यात नागपूर–वर्धा लोहमार्गावर सिंदी (रेल्वे) हे लहानसे शहर आहे. श्रावण अमावास्येला पोळा होतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदीच्या रस्त्यांवर बैलांची आणखी एक मिरवणूक निघते. या बैलांना वैरण लागत नाही. ते लाकडाचे असतात, पाटावर उभे असतात आणि पाटाला चाके असतात. काही मुलाच्या हातात मावतील एवढे, तर काही खऱ्या बैलाहून उंच. त्यांना ओढायला दोरखंड आणि मोठी माणसे लागतात. हा तान्हा पोळा, म्हणजे लहानांचा पोळा.

पश्चिम महाराष्ट्राला बेंदूर ठाऊक आहे, मराठवाड्याला पोळा ठाऊक आहे. मात्र मुलांच्या लाकडी नंदीला वर्षाचा एक पूर्ण दिवस दिला तो विदर्भाने. खेळण्याला सणाचा मान कसा मिळाला? आणि गोठ्यातला बैल कमी होत असताना हा लाकडाचा बैल का टिकला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना ताम्रयुगापासून ट्रॅक्टरपर्यंतचा बराच इतिहास वाटेत भेटतो.

सुरुवात प्रवरेच्या काठी करावी लागते. १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे एका रहिवाशाला झाडाच्या मुळाशी खणताना धातूची चार शिल्पे सापडली. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथे शिल्प म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. या प्राण्यांना चाके होती. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेक जण ती उत्तर हडप्पा काळाशी, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांमागे नेऊन जोडतात. एवढी जड शिल्पे मुलांनी ओढली असतील असे नव्हे. पण बैलाची प्रतिमा करावी, तिला चाके लावावीत आणि ती लोकांसमोरून न्यावी, ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत किती जुनी आहे ते त्यांवरून कळते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर तर मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि बैल विपुल मिळाले आहेत.

येथे इतिहास वाचताना एक सावधगिरी हवी. उत्खननात धातू सापडतो, भाजलेली माती सापडते. लाकूड क्वचितच सापडते. आपल्याकडच्या पावसात आणि वाळवीच्या राज्यात लाकडी खेळणे दोन-तीन पिढ्या टिकले तरी पुष्कळ. त्यामुळे संग्रहालयाच्या कपाटात लाकडी बैल दिसत नाहीत म्हणून ते पूर्वी नव्हतेच, असा निष्कर्ष काढता येत नाही. मातीच्या बैलाशेजारी लाकडाचाही असणार, असे मानणे अधिक सयुक्तिक.

खेळण्यातही गरिबी-श्रीमंती असते हे संस्कृत नाटककार शूद्रकाने फार पूर्वी टिपले होते. 'मृच्छकटिक' या नाटकाचे नावच मातीच्या खेळगाडीवरून पडले. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो. त्याला स्वतःची मातीची गाडी नकोशी होते. वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालते आणि पुढचे सारे संकट त्या अलंकारांमुळे ओढवते. हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण तान्हा पोळ्याच्या मुळाशीही एक हिरमुसलेले मूल आहे.

मोठ्या पोळ्याचा सोहळा पाहा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळा. दुपारनंतर सगळ्या जोड्या आखरावर तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि मग पोळा फुटतो. पण जोड्या कशाही उभ्या राहत नाहीत. मानाची जोडी पुढे असते, आणि मान पाटलाचा किंवा मालगुजाराचा. ज्याच्याकडे एकच बैल, तो मागे. ज्याच्याकडे एकही नाही, तो तोरणाखाली उभाच राहत नाही. तो बघ्यांत असतो. पोळा हा गावाचा आनंदोत्सव खराच, पण तो गावाचा ताळेबंदही होता. कोणाकडे किती बैल, म्हणजे कोणाची किती जमीन, हे त्या एका संध्याकाळी उघड्यावर मांडले जाई.

त्यात मुलांना जागा नव्हती. सजवलेला, ढोलाच्या आवाजाने बिथरणारा बैल लहान मुलाच्या हाती देणे धोक्याचे. शेतमजुराच्या मुलाला तर धरायला बैलच नव्हता. लाकडी नंदीने ही अडचण एका फटक्यात सोडवली: बैल सर्वांना मिळाला आणि तो शिंग मारत नव्हता.

भोसले घराण्याची परंपरा तान्हा पोळ्याचे जनकत्व दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देते आणि वर्ष १८०६ सांगते. मुलांना बैलाचे मोल कळावे म्हणून राजाने लाकडी बैल करवून घेतले, मुलांकडून त्यांचा पोळा भरवला आणि त्यांना खाऊ-पैसे दिले, अशी ही कथा आहे. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या वाड्याशी निगडित मोठ्या लाकडी बैलाची मिरवणूक आजही निघते. आजच्या 'बोजाऱ्या'चा, म्हणजे नंदी घेऊन दारी आलेल्या मुलाच्या हातावर ठेवल्या जाणाऱ्या पैशांचा, संबंधही याच कथेशी जोडतात.

परंपरेतले वर्ष शिलालेखासारखे वाचू नये. तरीही त्या वर्षाच्या आसपास नागपुरात काय चालले होते ते पाहिले की कथेला वेगळाच रंग चढतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. लगेच दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक गेले, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख गेला. ज्या नदीवरून वर्धा जिल्ह्याला नाव मिळाले, ती नदी त्या दिवशी राज्याची सीमा झाली. हिंगणी, सिंदी, सेलू हा पट्टा नदीच्या अलीकडे, म्हणून भोसल्यांकडे उरला. १८०४ पासून नागपूर दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.

उत्पन्नाचे मोठे सुभे हातचे गेल्यावर रघुजींनी उरलेल्या मुलखातून पैसा काढण्याचा असा सपाटा लावला की इंग्रजी लेखनात त्यांचा उल्लेख 'मोठा बनिया' असा आला. कर वाढले, रयत पिळली गेली. म्हणजे एकीकडे शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचणारा करवसुलीचा हात, आणि दुसरीकडे लोकस्मृतीत मुलांना लाकडी बैल वाटणारा राजा. माणूस एकच. पराभूत राजाला प्रजेसमोर मिरवायला मोठे सैन्य उरले नव्हते; मुलांची मिरवणूक स्वस्त होती आणि तिचे दर्शन गोड होते. हा केवळ तर्क आहे, पण १८०३ नंतरच्या नागपूरकडे पाहता तो अस्थानी वाटत नाही.

त्याच दिवशी नागपुरात मारबतींचीही मिरवणूक असते, हा योगायोग गमतीचा आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. रोगराई आणि पीडा यांना गावाबाहेर हाकलण्याचा हा विधी. काळ्या मारबतीचा संबंध लोकसमजुतीने जोडला आहे तो बाकाबाईंशी, आणि कारण सांगितले जाते इंग्रजांशी केलेले संगनमत. बाकाबाई या दुसऱ्या रघुजींच्याच राणी. त्यामुळे एकाच दिवशी नागपूर नवऱ्याच्या नावाने मुलांचे बैल सजवते आणि बायकोच्या नावाने पुतळा जाळते. लोकस्मृती न्यायनिवाडा असाच करते. त्याला अपील नसते. बाकाबाईंची बाजू मांडणारा कोणी त्या गर्दीत सापडणे कठीण.

आता राजवाडा सोडून सुताराच्या पडवीत यावे. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. राजाने सण सुरू केला असे मानले तरी तो गावोगाव पोहोचला तो वाढयाच्या हातून, आणि त्यामागे शेतीचे वेळापत्रक आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस वाढयाला उसंत नसते: वखर, तिफण, डवरा, गाडीची चाके, सगळे पावसाआधी दुरुस्त व्हायला हवे. पेरणी होते, डवरणी उरकते, श्रावण लागतो, आणि मग काम ओसरते. औजारांतून उरलेले लाकडाचे तुकडे पडवीत पडलेले असतात. नेमका तेव्हाच पोळा येतो. ज्याने वर्षभर खऱ्या बैलासाठी जू घडवले, तोच आता त्या बैलाची प्रतिमा घडवायला मोकळा असतो. त्याला नमुना शोधायला दूर जावे लागत नव्हते. तो समोरच्या गोठ्यात उभा होता.

नंदी कोरण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. वाकसाने ठोकळ्याचा आकार काढायचा, पटाशीने पाय मोकळे करायचे, वशिंडाचा चढ आणि गळ्याखालची पोळी उठवायची, शिंगे बहुधा वेगळ्या तुकड्याची करून बसवायची. पण खरी परीक्षा कोरण्याच्या आधीची, म्हणजे लाकूड वाळवण्याची. ओल्या लाकडात पाणी भरपूर असते. ते उडू लागले की लाकूड आकसते, आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. खोडाच्या वर्तुळाच्या दिशेने होणारी आकसणी गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसणीच्या साधारण दुप्पट असते. या ओढाताणीत लाकूड फाटते. ओल्या ओंडक्याचा घाईने केलेला नंदी दिवाळीपर्यंत छातीपासून पाठीपर्यंत तडकतो.

रताळे कोरून, वाळवून, रंगवून बाहुल्या करण्याचा छंद असणाऱ्यांना हे लगेच पटेल. रताळ्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. म्हणून त्यावर कोरलेला तरुण चेहरा वाळता वाळता म्हाताऱ्याचा होतो, नाक बसते, गाल खोल जातात. रताळ्याच्या बाबतीत तीच गंमत असते आणि कारागीर ती गृहीत धरून कोरतो. लाकडाच्या बाबतीत हिशेब उलटा. आधी पूर्ण वाळवायचे, सावलीत, महिनोन्‌महिने, आणि मगच हत्यार लावायचे. वाढयाने यंदाच्या नंदीसाठी लाकूड गेल्या वर्षीच बाजूला टाकलेले असावे लागते.

सागाचे महत्त्व येथे आहे. साग वाळताना कमी आकसतो, त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि त्याचे कोरीव काम स्वच्छ निघते. बोरच्या जंगलात साग भरपूर. पण भरपूर असणे आणि मिळणे यांत १८७८ चा वन कायदा उभा राहिला. सरकारी राखीव जंगलातले झाड आता गावाचे राहिले नाही. उरले ते निस्ताराचे हक्क, म्हणजे सरपण आणि शेतीच्या गरजेपुरते लाकूड घेण्याची मुभा. मालगुजारांच्या खाजगी जंगलांवर त्यांचा ताबा होता. तो १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर गेला. मुलाच्या खेळण्यासाठी सागाचा ओंडका मागायला कोण जाणार? गरिबाच्या घरचा नंदी मिळेल त्या आडजात लाकडाचा झाला आणि सधनाचा सागाचा राहिला. सर्वांना समान बैल देणाऱ्या खेळण्यात जात्याच फरक शिरला. आज मोठमोठे नंदी मिरवतात तेव्हा प्रेक्षक उंची पाहतात. जाणकार आधी लाकूड पाहतो. रोहसेनाची सोन्याची गाडी विदर्भात सागाची झाली, एवढेच.

शेवटी रंग. लाकडाच्या भेगा आणि गाठी लांबी भरून बुजवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, अस्तर द्यायचे आणि मग रंग. सागावर अस्तर चुकवले तर त्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही, पोपडे निघतात. बहुतेक रंगीत नंदी पांढरे असतात. शंकराचा नंदी पांढरा म्हणून, हे उत्तर कोणीही देईल. वर्धा जिल्ह्याला दुसरे उत्तर देता येते: येथला बैलच पांढरा. आर्वी, आष्टी, कारंजा हा भाग गवळाऊ जातीचे घर आहे. पांढुरका रंग, लांबट निमुळते तोंड, हलके अंग आणि चालीला विलक्षण चपळ. मराठ्यांच्या फौजांची वाहतूक या जातीच्या बैलांवर चाले अशी तिची ख्याती. जड नांगरापेक्षा वेगाच्या कामासाठी जोपासलेला हा बैल. रेंगीला जुंपावा, शंकरपटात पळवावा. जुन्या पद्धतीच्या नंदीचे लांबट तोंड आणि उंच पाय पाहिले की कारागिराच्या डोळ्यांपुढे कैलासापेक्षा शेजारचा गोठा असावा असे वाटते. शिंगांना लाल रंग देण्याची रीतही थेट खऱ्या बैलाकडून आली. हिंगूळ म्हणजे मूळचे पाऱ्याचे लाल खनिज. बाजारातला 'हिंगूळ' आता साधा तयार रंग असतो, नाव तेवढे जुने उरले आहे.

वर्ध्याला हस्तोद्योगाचा आणखी एक इतिहास आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची कल्पना त्या परिषदेत मांडली गेली, आणि झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखताना मूलोद्योगांत सुतारकामालाही स्थान दिले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले; ग्रामोद्योगाची साधने लोकांनी पाहावीत, हा त्याचा हेतू. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा तर बैलावर चालणाऱ्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचे खंदे पुरस्कर्ते. देशातल्या बैलाच्या बाजूचा सर्वांत गंभीर विचार या जिल्ह्यात झाला, असे म्हणायला हरकत नाही.

तो विचार हरला. त्याचे आकडे पशुगणनेत आहेत. २०१२ साली देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत जवळपास ३० टक्के घट. याच काळात गाई वाढल्या आहेत, त्यामुळे दोष दुष्काळाला किंवा रोगाला देता येत नाही. बैलाचे कामच संपत आले आहे. महाराष्ट्रात एकूण गोवंश १ कोटी ५५ लाखांवरून सुमारे १ कोटी ४० लाखांवर उतरला. दोन बैल वर्षभर पोसायचे आणि त्यांना काम द्यायचे थोडेच दिवस, हा हिशेब लहान शेतकऱ्याला परवडत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर काही तासांत रान मोकळे करून जातो आणि त्याला वैरण घालावी लागत नाही. शेतकऱ्याला यासाठी बोल लावणे शहरात बसून सोपे आहे.

याचा घाव बैलाइतकाच वाढयावर बसला. वखर-तिफणी लोखंडी झाल्या, गाडीला रबरी चाके आली, मग गाडीच गेली. बलुत्याचे धान्य कधीच थांबले होते. बैलाशी संबंधित जी कामे त्याच्या हाती उरली, त्यांत लाकडी नंदी हे एक. एके काळी औजारांच्या उरलेल्या तुकड्यांतून होणारी वस्तू आता त्याच्या कसबाचा मुख्य पुरावा झाली आहे. चार पाय, वशिंड, मान आणि शिंगे यांचे प्रमाण साधणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात. आणि प्रमाण शिकवणारा बैल गोठ्यातून नाहीसा झाला तर पुढचा कारागीर कोरीव काम कोणाकडे पाहून करणार? नंदीवरून नंदी करता येतो. पण नकलेची नक्कल होत गेली की पाय आखूड होतात, मान जाड होते, लांबट तोंड गोल होते. बाजारात आलेल्या साच्यातल्या नंदींकडे पाहिले की ही घसरण ओळखू येते.

विदर्भात लाकडी नंदी घरात वर्षानुवर्षे राहतो. पोळा जवळ आला की तो माळ्यावरून उतरवतात, धूळ झटकतात, सैल झालेले चाक ठोकून बसवतात, जुन्या रंगावर नवा रंग देतात. म्हणून एखाद्या जुन्या नंदीचा पोपडा निघाला तर त्याखाली रंगाचे अनेक थर दिसतात: वरती चकचकीत तेलरंग, त्याखाली फिकट पांढरा, शिंगांच्या मुळाशी लाल, आणि सगळ्यांच्या तळाशी वाकसाची खूण असलेले लाकूड. ज्या घरात आज एकही बैल नाही, त्या घरातला तो नंदी कोणत्या जोडीकडे पाहून कोरला होता हे सांगणारे आजोबा अनेक गावांत अजून आहेत. त्यांना विचारण्यासारखी वेळ आहे. पोळ्याची खांदशेकणी झाली की त्या संध्याकाळी ते बोलण्याच्या मूडमध्ये असतात.